वॅक्सकाका, त्या कागदाबद्दल आभार

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

बिवाबिकच्या जायंट्स रिजवर राज्य स्पर्धा झाली आणि मिनेसोटातल्या शाळांचा यंदाचा नॉर्डिक स्कीइंगचा हंगाम संपला. आपल्या संघातली मराठी मुलं तिथवर पोचली नाहीत, अजून दोन हिवाळे तरी लागतील. तरी पत्र आत्ताच लिहितो आहोत, कारण संघाच्या स्कींना तुम्ही वॅक्स, म्हणजे तळाला लावायचं मेण, लावता त्या खोलीत डिसेंबरातल्या एका संध्याकाळी तुम्ही जे केलंत ते मनातून जात नाही. चार लोकांना कळावं असंही वाटतं, म्हणून पत्र सर्वांसमोर.

जे वाचक बर्फाच्या मुलखात राहत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगायला हवं. नॉर्डिक म्हणजे डोंगरावरून नुसतं घसरत खाली येणं नव्हे. चढ, सपाटी, उतार सगळं स्वतःच्या पायांनी आणि हातातल्या दोन काठ्यांनी कापायचं. शाळांच्या शर्यती बहुतेक 5 किलोमीटरच्या. स्केटिंग प्रकारात स्की तिरकी टाकून कडेने ढकलत जायचं. क्लासिकमध्ये बर्फात कोरलेल्या दोन चाकोऱ्यांतून सरळ, लांब ढांगा टाकल्यासारखं. क्लासिकची सगळी मदार स्कीच्या कमानीवर. स्की मधोमध धनुष्यासारखी उचललेली असते. वजन दोन्ही पायांवर सारखं असेल तेव्हा मधला भाग बर्फाला टेकत नाही आणि पुढची-मागची टोकं घसरतात. एका पायावर सगळा भार देऊन दाबलं की कमान सपाट होते, तिथलं चिकट वॅक्स बर्फाला धरतं आणि माणूस पुढे जातो. क्षणभर पकड, लगेच सुटका. ही पकड मिळाली नाही तर पाय मागे सटकतो, आणि चढावर सगळं काम दंडांवर येतं.

आपला तो नववीतला मुलगा चार आठवडे असाच सटकत होता.

त्याच्याबद्दल कोण काय म्हणालं ते इथे नोंदवून ठेवतो. दुकानातल्या माणसाने स्की दिल्या त्या उंची मोजून. उंचीपेक्षा 20 सेंटिमीटर जास्त, हा क्लासिकचा ढोबळ हिशेब त्याने बरोबर केला. वजन मात्र विचारलं नाही. स्कीची लांबी उंचीवरून ठरते, ताठपणा वजनावरून. किती किलोच्या माणसासाठी ती आहे याचा आकडा पुष्कळदा स्कीच्या कडेवरच असतो, तो वाचायचे कष्ट घेतले नाहीत. पैसे मात्र पूर्ण घेतले. पुढे ज्यांनी सरावात पाहिलं त्यांच्यातल्या एकाने निदान केलं, ‘पायात जोर नाही.’ दुसऱ्याने त्याच्या तोंडावर सांगितलं की गरम देशातल्या लोकांचा हा खेळ नाही. आणि आपल्याच ओळखीतल्या काही घरांतून सल्ला आला की हे सोडा, रोबोटिक्सला घाला. एकानेही खाली वाकून स्कीकडे पाहिलं नाही.

तुम्ही आधी प्रश्न विचारलात, आणि दोनच. स्केटिंगमध्ये किती वेळ लागतो? क्लासिकमध्ये किती? स्केटिंगला तो संघाच्या मधल्या फळीत होता, क्लासिकला शेवटून दुसरा. ज्याच्या पायात जोर नाही तो दोन्हीकडे मागे पडेल. फक्त पकड लागते तिथेच मागे पडतो, म्हणजे खोट पकडीत आहे. ही साधी गोष्ट महिनाभर कोणाच्या डोक्यात आली नव्हती.

मग तुम्ही त्याला गुळगुळीत फरशीवर स्की घालून उभं केलंत. शर्यतीच्या क्रमांकांचा एक जुना कागद उचललात, मधोमध एकदा दुमडलात. अशा घडीची जाडी साधारण 0.2 मिलिमीटर होते आणि तपासाला तेवढीच हवी. आणि तुम्ही गुडघे टेकून त्याच्या पायाशी बसलात. फरशी गार होती, तुमचे गुडघे किती दुखतात ते आम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे मुलं वडीलधाऱ्यांच्या पायाशी वाकतात. एवढा मोठा माणूस आपल्या पायाशी बसलाय म्हटल्यावर तो पोरगा गडबडून मागे सरकू लागला, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘हलू नकोस रे, वजन सारखं ठेव.’

दोन्ही पायांवर वजन सारखं असताना कागद टाचेपासून पुढे, बुटाच्या टोकापलीकडे वीत-दीड वीत मोकळा सरकायला हवा. तो सरकला. मग एका पायावर पूर्ण भार, चवड्यावर दाब. आता कागद स्कीखाली गच्च अडकायला हवा, ओढला तर फाटायला हवा. तो तसाच सरकत राहिला. पंचावन्न किलोच्या मुलाखाली पंच्याहत्तर किलोच्या माणसाची स्की होती. तिची कमान त्याच्या वजनाने सपाट होणं शक्यच नव्हतं. वॅक्स कितीही चांगलं लावा, ते बर्फापर्यंत पोचतच नव्हतं.

यापुढचं जे केलंत ते आमच्या लेखी सगळ्यात मोठं. दुसऱ्या एका मुलाला त्याच्या बरोबर मापाच्या स्कीवर उभं केलंत, कागदाचं टोक आपल्या पोराच्या हातात दिलंत आणि त्यालाच ओढायला लावलंत. कागद हलला नाही. जोर लावल्यावर फाटला. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘बघितलंस? पाय तुझे बरे आहेत.’

मराठीत म्हणालात. इतर मुलांना कळलं नाही, त्याला कळलं. त्याला ते कळणं फार गरजेचं होतं. तो फाटका कागद त्याने जपून ठेवला आहे.

दुसऱ्याच दिवशी शर्यत होती आणि त्याच्या मापाची स्की लगेच मिळणार नव्हती. तेव्हा तुम्ही केलेला उपाय इतर पालकांनी लिहून घ्यावा असा आहे. ताठ स्की बर्फापर्यंत पोचत नसेल तर वॅक्सची जाडी वाढवून अंतर कमी करायचं. आधी स्कीच्या मधल्या, पकडीच्या पट्ट्यावर 120 नंबरचा सँडपेपर हलका फिरवला, कारण गुळगुळीत तळावर वॅक्स टिकत नाही, किलोमीटरभरात निघून जातं. मग उणे 2 ते उणे 10 अंश सेल्सिअससाठीचं निळं वॅक्स. एरवी चार-पाच थर देतात, तुम्ही आठ दिलेत. प्रत्येक थर रंगाच्या हातासारखा पातळ, प्रत्येक थरानंतर बुचाने घासून सपाट. एकदम जाड थापलं तर त्याच्या गुठळ्या होतात आणि त्यांत बर्फ अडकतो. शेवटचे तीन थर फक्त पायाखालच्या भागात, आखूड. नंतर स्की पंधरा मिनिटं बाहेर थंडीत उभ्या करून ठेवल्या. उबदार खोलीतली स्की तशीच बर्फावर टाकली तर बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि तळाला खडे धरतात. घाईत असलेले पालक हीच चूक करतात.

हा तात्पुरता उपाय आहे, घसरण कमी होते, हे तुम्ही त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं. उतारावर दोघांनी त्याला गाठलं, पण चढावर तो पहिल्यांदा स्कीवर उभा राहून चढला. त्याच आठवड्यात शाळेच्या जुन्या साठ्यातून तुम्ही त्याच्या वजनाची जोडी शोधून काढलीत, कागद लावून खात्री केलीत. सोबत दिलेल्या वापरलेल्या काठ्या लांब होत्या. क्लासिकची काठी बर्फात रोवून उभी केली तर खांद्यापर्यंत यावी. तुम्ही मूठ उकळत्या पाण्यात धरून आतला डिंक मऊ केलात, मूठ पिळून काढलीत, कार्बनच्या नळीला चिकटपट्टी गुंडाळून बारीक दातांच्या करवतीने 6 सेंटिमीटर कापलं. पट्टी नसेल तर कार्बनचे तंतू फाटतात आणि काठी पुढे त्याच जागी मोडते. मूठ पुन्हा बसवायला पाच मिनिटं. नव्या काठ्यांचे पैसे वाचले, ते वाचल्याचं तुम्ही बोलूनही दाखवलं नाहीत.

स्की घसरावी म्हणून पुढच्या-मागच्या टोकांना लावायच्या घसरणीच्या वॅक्सचंही तुमच्याकडूनच शिकलो. टोकांना इस्त्री फिरवताना ती थांबवायची नाही. पुढून मागे एकाच संथ चालीत, मागे चार बोटं ओली रेघ राहील इतक्या वेगाने. धूर दिसला तर इस्त्री जास्त तापली आहे. एका जागी थांबली तर तळाचं प्लॅस्टिक भाजतं आणि मग तिथे वॅक्स शिरतच नाही. हे वितळलेलं वॅक्स मधल्या पट्ट्यात ओघळू द्यायचं नाही, नाहीतर पकडीचं वॅक्स त्यावर बसत नाही. गार व्हायला पंधरा-वीस मिनिटं द्यायची. मग आधी मधली खाच, नंतर तळ प्लॅस्टिकच्या पातीने खरवडायचा आणि ब्रश मारायचा. शून्याच्या आसपासचा पुन्हा गोठलेला खडबडीत बर्फ असेल तर पकडीसाठी क्लिस्टर नावाचं वॅक्स, काकवीसारखं दाट आणि चिवट. ते कपड्यांना लागलं की जन्मात निघत नाही, हे दोन जाकिटं गेल्यावर कळलं.

वॅक्सच्या फ्लोरिनवाल्या महागड्या पावडरी गेल्या ते बरं झालं, असं तुम्ही नेहमी म्हणता. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24 च्या हंगामापासून त्या बंद केल्या आणि 1 जानेवारी 2025 पासून मिनेसोटात त्या घटकांचं स्की वॅक्स विकायलाही कायद्याने मनाई आहे. त्या वाफा छातीत जायच्या आणि पावडर बर्फाबरोबर तळ्यात उतरायची. शिवाय ज्या घरी पैसा त्याच घरच्या मुलाची स्की पळायची. आता इस्त्री धरणाऱ्या हाताला पुन्हा किंमत आली आहे.

मुलांना स्कीपटू जेसी डिगिन्स ठाऊक आहे. आफ्टन गावची, स्टिलवॉटरच्या शाळेतून याच शर्यती धावलेली. 2018 मध्ये प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये किकन रँडलबरोबर तिने सुवर्ण जिंकलं, क्रॉस-कंट्री म्हणजे याच खेळातलं अमेरिकेचं पहिलंच. फेब्रुवारी 2024 मध्ये मिनियापोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कात विश्वचषक भरला तेव्हा ती घरच्या लोकांसमोर 10 किलोमीटरमध्ये तिसरी आली. त्या हिवाळ्यात इथे बर्फाचा पत्ता नव्हता, यंत्राने पाडलेल्या बर्फावर मुलांचे सराव चालले होते. मुलं तिचं नाव घेतात, घ्यायलाच हवं. पण अशा प्रत्येक नावामागे कुठल्या तरी शाळेच्या तळघरात इस्त्री तापवत उभं राहिलेलं कोणीतरी असतं, हे आम्हाला तुमच्यामुळे दिसलं.

या खेळात एक जुनी रीत आहे. शर्यतीत कोणाची काठी मोडली तर कडेला उभा असलेला कोणीही आपली देतो, संघ बघत नाही. 2006 च्या तुरीन ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या सारा रेनरची काठी मोडली आणि नॉर्वेचे प्रशिक्षक ब्योर्नार होकेन्समूएन यांनी तिच्या हातात काठी दिली. कॅनडाला रौप्य मिळालं, नॉर्वे चौथा. कॅनडाच्या लोकांनी नंतर त्यांच्या नावे मेपल सिरपचे हजारो डबे पाठवले. काका, यंदा तुम्हीसुद्धा दुसऱ्या शाळेच्या मुलांच्या स्की बाकावर घेतलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. ‘आपल्या’ मुलाला तुम्ही जपलंत ते तो मराठी म्हणून नव्हे, त्या खोलीत येणारं प्रत्येक पोर तुमच्या हिशेबी सारखंच आहे. चांगुलपणा म्हणतात तो असाच असावा. आवाज न करणारा, हातात अवजार घेतलेला, आणि समोरच्याला नावं ठेवण्याआधी खाली वाकून तपासणारा.

आमचीही एक चूक कबूल करतो. आम्ही मुलांना आतून सुती बनियन घालून पाठवत होतो. सूत घाम धरून ठेवतं आणि थांबल्यावर अंग गारठतं. तुम्ही कोणाला टाकून बोलला नाहीत, फक्त लोकरीचे दोन जुने बनियन आणून खुंटीला लावलेत. कोणासाठी ते न सांगता.

आता मार्च आला. शाळेच्या सगळ्या जोड्या उन्हाळ्यासाठी बंद करायच्या आहेत. पकडीचं वॅक्स पुसून काढायचं, तळ साफ करायचा, मऊ वॅक्सचा जाड थर द्यायचा आणि तो न खरवडता नोव्हेंबरपर्यंत तसाच ठेवायचा, म्हणजे तळ कोरडा पडत नाही. दरवर्षी हे तुम्ही एकटे करता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. बावीस जोड्या आहेत. शनिवारी सकाळी नऊला आम्ही सहा जण येतो. दोन इस्त्र्या, खरवडायच्या पात्या आणि पोहे आमच्याकडून. तुम्ही खुर्चीत बसायचं आणि इस्त्री कुठे थांबली तेवढं सांगायचं. तो मुलगाही येणार आहे. नवीन येणाऱ्या मुलांसाठी प्रत्येक जोडीला कागद लावून वजनाचा आकडा तो चिकटपट्टीवर लिहून ठेवणार आहे.

आपले कृतज्ञ,
संघातल्या मराठी मुलांचे आई-बाबा
मिनेसोटा