गाठ हाताला लागली, रिपोर्ट यायचा आहे. मधल्या दिवसांचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबरात गुलाबी फिती दिसतात, ४ फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिन येतो, आणि दोन्ही वेळा वाचकाला एकच बजावले जाते: गाठ हाताला लागली तर अंगावर काढू नका, तपासून घ्या. बजावणे योग्यच आहे. पण माणूस केसपेपर काढतो त्या दिवसापासून रिपोर्ट हातात पडेपर्यंत आठ-पंधरा दिवस सहज जातात. त्या दिवसांत झोप उडते, घास उतरत नाही, आणि काही जण तर रिपोर्ट आणायलाच जात नाहीत. याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. आम्ही एक शल्यचिकित्सक, एक पॅथॉलॉजिस्ट आणि एक समुपदेशक. रोजचे काम याच माणसांबरोबर असते, म्हणून हे पत्र.

‘घाबरू नका’ म्हटल्याने कुणाची भीती गेल्याचे ऐकिवात नाही. पुढची पायरी कोणती, ती कधी, आणि तिच्यातून काय कळणार व काय कळणार नाही, एवढे माहीत झाले की मात्र भीती आवाक्यात येते.

बहुतेक गाठी साध्या निघतात. कातडीखाली मऊ सरकणारी चरबीची गाठ, सिस्ट, तरुण मुलींच्या स्तनातला फायब्रोअ‍ॅडेनोमा, पायाला जखम झाली की जांघेत येणारे अवधाण, ही नेहमीची मंडळी. मानेतली गाठ आपल्याकडे पुष्कळदा क्षयाची असते. जुनी माणसे तिला गंडमाळ म्हणत. औषधे नीट घेतली तर ती बरी होते. मात्र नुसत्या दुखण्यावरून निवाडा करू नये. ‘दुखत नाही ना, मग साधी असणार’ हा समज सगळ्यात घातक आहे, कारण कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

सर्दी-घसा किंवा दाढ दुखल्यानंतर जबड्याखाली आलेली लहान, सरकणारी गाठ दोन-तीन आठवडे पाहायला हरकत नाही. स्तनात नव्याने लागलेली कोणतीही गाठ, अंडकोशातली टणक गाठ, गळपट्टीच्या हाडावरची गाठ, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा महिनाभरात न जिरलेली अवधाणासारखी गाठ, स्नायूत खोल असलेली किंवा पाच सेंटिमीटरच्या वर गेलेली गाठ यांच्या बाबतीत थांबू नये. तंबाखू-मावा खाणाऱ्याच्या मानेत गाठ आणि तोंडात तीन आठवडे न भरणारी जखम असेल तर त्याच आठवड्यात दाखवावे. लग्नसराई, मुलांची परीक्षा, ऊसतोडीचा हंगाम ही कारणे आम्ही रोज ऐकतो. बाई स्वतःची गाठ घरात सगळ्यात शेवटी सांगते, हेही रोजचेच.

गाठ लागली की पट्टीने एकदा मोजा, तारीख घालून वहीत लिहा आणि हात बाजूला घ्या. दिवसातून वीस वेळा चाचपले तर आजूबाजूचा भाग सुजतो, हुळहुळा होतो, गाठ वाढल्यासारखी वाटते, आणि त्या धास्तीने पुन्हा चाचपले जाते. सिस्ट असेल तर दाबून ती आतल्या आत फुटते, लाल होऊन पिकते, आणि साधे काम अवघड होऊन बसते. आठवड्यातून एकदा पाहणे पुरे. चोळून जिरवणे, शेक, डाग, बिब्बा यांच्या वाटेला जाऊ नये. बिब्ब्याने कातडी भाजून फोड येतात. मग सोनोग्राफीचा प्रोब टेकवता येत नाही, पिकलेल्या कातडीतून सुई घालता येत नाही, आणि ती बरी होईपर्यंत तपासणी दोन-तीन आठवडे लांबते.

तपासणीचा क्रम ठरलेला आहे: आधी डॉक्टरांचा हात, मग चित्र, मग सुई. स्तनाच्या गाठीत हे तिन्ही एकमेकांशी जुळले तरच उत्तर पक्के धरतात. चाळिशीच्या आत सहसा सोनोग्राफी, त्यापुढे मॅमोग्राफीही. मॅमोग्राफीत स्तन दोन प्लेटांमध्ये काही सेकंद दाबला जातो. पाळीनंतरच्या आठवड्यात केली तर दुखणे कमी. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये, कारण त्यातले कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात आणि नसती शंका उभी राहते.

सगळ्यात जास्त धास्ती सुईची, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. एफएनएसी म्हणजे बारीक सुईने पेशी काढून तपासणे. तिची सुई रक्त काढायच्या सुईइतकी किंवा तिच्याहून बारीक असते. ती गाठीत थोडी मागेपुढे करून पेशी ओढतात आणि काचपट्टीवर पसरतात. दोन-तीनदा टोचावे लागू शकते, तसे केले म्हणजे काही गडबड आहे असे नव्हे. रिपोर्ट बहुधा एक-दोन दिवसांत मिळतो. बायोप्सीत पेशींऐवजी तुकडा घेतात. जागा बधिर करायचे इंजेक्शन मिनिटभर चुणचुणते, मग कातडीला दोन-तीन मिलिमीटरची चीर देतात, आणि स्प्रिंगच्या सुईचा ‘टक्’ असा मोठा आवाज येतो. आवाज होणार हे आधी कुणी सांगत नाही आणि माणूस दचकतो तो त्यानेच. शेवईच्या तुकड्यासारखे तीन-चार धागे निघतात. नंतर दहा मिनिटे जागा दाबून धरायची. आठवडाभर निळे-काळे दिसेल, तेही अपेक्षितच आहे. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध चालू असेल तर आधी सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’, ‘हवा लागली की भडकतो’ ही वाक्ये गावोगाव ऐकू येतात आणि त्यांच्यापायी लोक सहा-सहा महिने घालवतात. सुईच्या वाटेने पेशी जाण्याचा प्रकार अत्यंत विरळा आहे, आणि तपासणीवाचून फुकट गेलेल्या काळाचे नुकसान त्याच्या कैक पटींनी मोठे असते. अंडकोशाच्या गाठीत मात्र बाहेरून सुई घालत नाहीत. हातापायाच्या स्नायूंतल्या खोल गाठीत सुई कुठून घालायची हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने ठरवावे, म्हणजे सुईची वाटही गाठीबरोबर काढता येते.

तुकडा दिल्यावर चार ते सात दिवस का लागतात? तो आधी फॉर्मालिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रवात, मुरावा लागतो. मग अल्कोहोलने त्यातले पाणी काढायचे, झायलीनमधून न्यायचा आणि वितळलेल्या मेणात बसवायचा. यंत्रात ही रात्रभराची प्रक्रिया असते. मेणाच्या वडीचे मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजारातल्या तीन-चार भागांइतके पातळ काप काढून जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवतात. त्यानंतर मायक्रोस्कोप. घाई केली तर तुकडा नीट मुरत नाही आणि निदान डळमळीत होते. रिपोर्टला वेळ लागतोय म्हणजे नक्कीच काही वाईट निघाले, असे गणित लोक मांडतात. उशीर रविवारमुळे होतो, जादा काप काढावे लागतात म्हणून होतो, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला स्लाइड दाखवायची असते म्हणून होतो. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून ओळखण्याची जादा तपासणी) सांगितली तर आणखी काही दिवस धरावेत. ही तपासणी गाठ साधी आहे हे पक्के करण्यासाठीही करतात.

मानेतल्या गाठीत क्षयाची शंका असेल तर सुईने काढलेल्या नमुन्याचा एक भाग सीबीनॅट या क्षयाचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला सलाइनमध्ये पाठवावा लागतो. सगळाच फॉर्मालिनमध्ये टाकला तर ती तपासणी वाया जाते आणि पुन्हा टोचावे लागते. ‘टीबीसाठी वेगळा ठेवलाय ना?’ हे नातेवाइकांनी जरूर विचारावे. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

काही ठिकाणी गाठ थेट कापून काढतात आणि बाटली नातेवाइकाच्या हातात देतात. काढलेली प्रत्येक गाठ तपासणीला गेलीच पाहिजे, ‘साधीच दिसत होती’ म्हणून टाकून देऊ नये. बाटली रुंद तोंडाची हवी, फॉर्मालिन गाठीच्या दहापट हवे, आणि नाव झाकणावर न लिहिता बाटलीवर लिहावे. झाकणे बदलली जातात. स्पिरिटमध्ये किंवा नुसत्या पाण्यात ठेवलेली गाठ पॅथॉलॉजिस्टला नीट वाचता येत नाही.

पैसे कुठे घालवू नयेत तेही सांगतो. गाठ कसली हे ट्यूमर मार्करच्या, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या सीए-१२५, सीईए अशा पदार्थांच्या, रक्ततपासणीने ठरत नाही. सीए-१२५ पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये आणि पोटाच्या क्षयातही वाढतो, सीईए धूम्रपान करणाऱ्यांत वाढलेला सापडतो. ‘फुल बॉडी’ पॅकेजमधला असा एक वाढलेला आकडा घरभर रडारड करायला पुरतो. पेट स्कॅन तर बायोप्सीच्या आधी करण्याचे सहसा कारणच नसते.

आता रिपोर्टची भाषा. हल्ली पीडीएफ रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि घरचे शब्द एकेक करून गुगलवर टाकतात. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ (डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासणीशी जुळवून पाहावे) हा शेरा जवळजवळ प्रत्येक रिपोर्टवर असतो, तो धोक्याचा इशारा नव्हे. ‘इनअ‍ॅडिक्वेट’ म्हणजे नमुना अपुरा, तपासणी पुन्हा करायची. ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे जंतुसंसर्गासारख्या कारणाने सुजलेली ग्रंथी. स्तनाच्या चित्राच्या रिपोर्टवर बायरॅड्स हा संशय किती ते सांगणारा आकडा असतो. बायरॅड्स २ म्हणजे साधी गाठ. ३ म्हणजे कॅन्सरची शक्यता दोन टक्क्यांपर्यंत, सहसा सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. ४ म्हणजे सुई लावायची, आणि या गटात शक्यता दोन टक्क्यांपासून पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते. म्हणून ४ आकडा पाहून धीर सोडू नये आणि बायोप्सी टाळूही नये. उलट सुईचा रिपोर्ट चांगला आला, पण हाताला आणि चित्रात गाठ संशयास्पद असेल, तर ‘सुटलो’ म्हणून घरी बसू नये. तिथे दुसऱ्यांदा तुकडा घ्यावा लागतो.

मधल्या दिवसांची भीती शरीरात उतरते: छातीत धडधड, पोटात गोळा, हातापायांना मुंग्या, पहाटे तीनला जाग. घबराटीचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला जातो आणि मग ओसरतो. तेवढ्या वेळात चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असे पाच मिनिटे करावे. लांब उच्छ्वासाने नाडी मंदावते. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटला असेल तर मात्र श्वास मोजत बसू नका, दवाखाना गाठा.

दिवसभर मनात घोळणाऱ्या शंकांना संध्याकाळची वीस मिनिटे ठरवून द्या आणि तेव्हा त्या वहीत उतरवा. दोन रकाने पाडा. डॉक्टरांना विचारता येतील असे प्रश्न एकीकडे: सुई की तुकडा, सुट्टी किती, खर्च किती. आज कुणाकडेच उत्तर नाही असे दुसरीकडे. पहिला रकाना पुढच्या भेटीला सोबत न्यायचा. दुसरा लिहून वही मिटायची. दिवसा पुन्हा विचार आला तर ‘संध्याकाळी’ म्हणून हातातल्या कामाकडे वळायचे. पहिले दोन-तीन दिवस हे जमत नाही, पुढे जमू लागते. झोपण्यापूर्वीचे वाचन वही मिटल्यानंतर असावे आणि ते आजारांचे नसावे. मोबाइलवर शोधत राहणे आणि घरच्यांना ‘काही नसेल ना?’ विचारत राहणे यांनी मिळणारा दिलासा घटकाभर टिकतो आणि मग तोच प्रश्न जास्त जोराने येतो. मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी परस्पर आणू नये. अल्प्राझोलॅमसारख्या गोळ्यांची सवय लागते आणि त्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. सलग तीन-चार रात्री झोप नसेल, कामात चित्त लागत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा. हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते.

घरच्यांसाठी दोन शब्द. ‘पेशंटला काही सांगू नका’ ही विनंती आम्हाला रोज होते. प्रेमापोटी होते, मान्य. पण कुजबुज, बंद दार आणि एकाएकी वाढलेली माया पाहून पेशंट ओळखतोच, आणि मग त्याला विचारायलाही कुणी उरत नाही. अमक्याच्या मावशीला असेच झाले होते, या गोष्टी तर दाराबाहेर ठेवाव्यात. सोबत येणारे माणूस एकच, ठरलेले आणि ऐकून लिहून घेणारे असावे.

शेवटी एक मागणी, रुग्णालयांकडे आणि लॅबकडे. नमुना घेतला की पैशांच्या पावतीबरोबर आणखी एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर चार ओळी असाव्यात: कोणती तपासणी केली, रिपोर्ट कोणत्या तारखेला मिळेल, तो कोणते डॉक्टर किती वाजता समजावतील, आणि उशीर झाला तर कोणत्या नंबरवर विचारायचे. शनिवारी दुपारी गंभीर रिपोर्ट हातात देऊन सोमवारपर्यंत कुलूप लावू नये. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही की निधी लागत नाही. कागद आणि रबरी शिक्का पुरे.

कळावे,
आपले विश्वासू,
एक शल्यचिकित्सक, एक पॅथॉलॉजिस्ट व एक समुपदेशक
(नावे राखून ठेवावीत, ही विनंती)