आधी पडायला शिकवा

महोदय,

स्वसंरक्षण शिबिरांच्या जाहिराती सध्या रत्नागिरीत जागोजागी दिसतात. चार दिवसांत मुली निर्भय होतील, असा त्यांचा सूर असतो. मी चाळिशीनंतर ज्युदो हा जपानी कुस्तीप्रकार शिकते आहे. मला हा सूर पटत नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये सुरू केलेल्या या विद्येत सुरुवात पडण्यापासून होते. हनुवटी छातीशी, तळहात गादीवर सपकन आपटायचा, म्हणजे डोकं वाचतं. माझ्या मुलीच्या वयाची पोर मला पाडते आणि मग वाकून नमस्कार करते. अंगात मुरणारी ही नम्रता शिबिराच्या प्रात्यक्षिकात हाताने कौलं फोडून येत नाही. कायदाही बचावासाठी गरजेपेक्षा जास्त बळ वापरू देत नाही, हे मुलांना कुणी सांगतं का? शाळांनी उन्हाळी शिबिरात निदान पहिले काही दिवस पडणं, ओरडणं आणि वेळीच पळ काढणं यांसाठी राखून ठेवावेत.

– एक पालक, रत्नागिरी