मी एकटी नव्हते, मनू

पाटण
23 मे 2021

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल बोलता बोलता फोन बंद झाला. रेंज गेली की तूच ठेवलास, कळलं नाही. अण्णा म्हणतात रेंजच गेली असणार, धडगावच्या पुढे कसली आलीय रेंज. मीही तसंच धरून चालते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून पहाटे उठून लिहायला बसले. व्हॉट्सॲपवर टाकून ठेवते, टेकडीवर चढलीस की मिळेल.

आधी एक विचारते आणि मग तो विषय काढणार नाही. तुला खोकला आहे का? काल बोलताना तू खोकत होतीस. "धूळ गं, आई," म्हणालीस. मे महिन्यात सातपुड्यात धूळ असणारच, मान्य. पण तुझा धुळीचा खोकला मी लहानपणापासून ऐकलाय, तो असा खोलातून येत नाही. असो. विचारलं, संपलं.

तुमचे गुरुजी नंदुरबारला सिव्हिलमध्ये आहेत हे ऐकल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. द्विशिक्षकी शाळा, त्यातलं एक माणूस दवाखान्यात. म्हणजे आता शाळा तूच, कोविडचा सर्व्हे तूच, लसीकरणाच्या गाडीबरोबर पाड्यापाड्यांवर फिरणारी तूच, पोषण आहाराचा तांदूळ मोजून देणारी तूच, आणि वर गुरुजींच्या घरी जाऊन शेळ्यांना चारा घालून येणारीही तूच. मला कौतुक नाही असं समजू नकोस. परवाच पलीकडच्या काकींना सांगितलं, आमची मनू दोन माणसांचं काम ओढतेय, आणि तिकडच्या पावरी बोलीत बोलते म्हणून बाया दार उघडतात. सांगताना छाती भरून आली. घरात आले आणि हातपाय गार पडले.

ज्या लसीसाठी तू लोकांचे पाय धरतेस, ती तुला स्वतःला अजून मिळालेली नाही. फ्रंटलाइनवाल्यांच्या यादीत तुझं नाव गेलं नाही आणि एप्रिलमध्ये ती नवी नोंदणीच थांबली. अठरा ते चव्वेचाळीसवाल्यांचं राज्यात आत्ता थांबवलंय. मग तू कुठल्या खात्यात बसतेस? सहा हजार मानधनावरची शिक्षणसेविका, आणि ड्युटीच्या वेळी मात्र पहिलं नाव. मी कुणावर चिडतेय तेही कळत नाही.

"चार दिवस घरी ये," म्हटलं तर तू फटकन म्हणालीस, "गेल्या वर्षी तू गेली होतीस का घरी?" मी गप्प बसले. बोलायचं होतं, ते आता लिहिते.

नव्हते गेले. गेल्या मे महिन्यात मुंबईकर गावाकडे आले तेव्हा आपल्या शाळेचं विलगीकरण केंद्र झालं. कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे; माथाडीत काम करणारी आपलीच माणसं, कुणी टेम्पोत दाटीवाटीने, कुणी घाट चालून. आठवीच्या वर्गातली बाकं व्हरांड्यात एकावर एक रचली. फळ्यावर मार्चमधला सुविचार तसाच होता, तो कुणी पुसला नाही. मी रजिस्टरवर होते. नाव, कुठून आला, कधी निघाला, ताप आहे का. एकेकजण उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगायचा. त्यात माझेच जुने विद्यार्थी निघायचे, मास्कमुळे ओळख पटायची नाही, आवाजावरून पटायची. त्यातला एकजण म्हणाला, "बाई, याच वर्गात तुमच्या हातच्या छड्या खाल्ल्यात, आता इथंच झोपायचं." मला तिथं रडू आलं.

तू तेव्हा तिकडेच अडकली होतीस, म्हणून फोनवर जेवढं कानावर आलं तेवढंच तुला माहीत. त्यावरून तू ठरवून टाकलंस की आई एकटी उभी राहिली, आता मीही राहणार. तसं नव्हतं गं. मी एकटी नव्हते.

ड्युटीची यादी तहसीलला जायच्या आधी आमचे क्लार्क भाऊसाहेब ती पेन्सिलने करायचे. मुद्दाम पेन्सिलने. मग आम्ही स्टाफरूममध्ये लांब लांब बसून ती वाचायचो. गणिताच्या सरांना शुगर, त्यांची रात्रपाळी काढा. धाकट्या मॅडमचं मूल अंगावर पितंय, त्यांना घरून फोनवर चौकशीचं काम द्या. ज्याच्या घरी म्हातारं माणूस आहे त्याला चेकनाक्यावर नको. एक नाव खोडलं की त्या जागी कुणीतरी आपलं सांगायचं, फार चर्चा न होता. आज्जीच्या पायाचं झालं तेव्हा माझं नाव खोडलं आणि माझ्या रात्री ड्रॉइंगच्या सरांनी केल्या. का, तर मी तोंड उघडून सांगितलं म्हणून. नसतं सांगितलं तर त्यांना काय स्वप्न पडणार होतं?

आणि शिपाई मामा. रात्रीचे डबे तेच वाटायचे. पायरीवर डबा ठेवायचा, काठीच्या टोकाने दार वाजवायचं आणि मागे सरकून उभं राहायचं, आतल्याने डबा घेतल्याशिवाय पुढच्या वर्गाकडे जायचं नाही. खिचडीवाल्या मावशींना तर कुठलीच ऑर्डर नव्हती, शाळा बंद म्हणजे त्यांचं काम बंद. 1500 रुपये महिना मानधनाची बाई. तरी रोज संध्याकाळी येऊन गवती चहा टाकून मोठी किटली भरून ठेवायची. "तुम्ही माझ्या पोरांचे मास्तर," म्हणायची. आम्ही पैसे काढून दिले तर घेईना, मग तिच्या घरी किराणा पोचवला.

भिशीचं मी तुला बोलले होते का? आमच्या विनाअनुदानित तुकडीवरचे इंग्रजीचे सर, वर्षानुवर्षं बिनपगारी, घर चालायचं ते शिकवण्यांवर. लॉकडाउनमध्ये शिकवण्या बंद. हा माणूस सकाळी ऑनलाइन तास घ्यायचा आणि दुपारी लोकांच्या रानात भांगलायला जायचा, शेजारच्या गावात, म्हणजे आपली पोरं बघायला नकोत. बायकोचे दिवस भरत आलेले. आम्हा बायकांच्या भिशीत ते नव्हतेच. पण त्या महिन्याचा नंबर ज्यांचा लागला त्या थोरल्या बाईंनी सगळी रक्कम तशीच पाकिटात घालून त्यांच्या टेबलावर ठेवली. सर परत करायला आले तर म्हणाल्या, "तुमचा नंबर लागला म्हणून समजा, सवडीने द्या." याच थोरल्या बाईंना मोबाइलवर तास घेता येईना, राजीनामा देते म्हणाल्या होत्या, तेव्हा सर त्यांच्या घराच्या अंगणात बसून बाहेरून ओरडून सांगायचे, बाई, आता हिरवं बटण दाबा. सरांना पोरगी झाली. गोरीपान आहे.

कुठून कुठे गेले मी. तुला खोकल्याचं विचारलं होतं.

हे एवढ्यासाठी सांगतेय की आमच्यातलंच एक माणूस या एप्रिलमध्ये गेलं, आणि ते मी तुला नीट सांगितलं नाही. विज्ञानाचे सर. "कोविडने गेले," एवढंच म्हणाले होते मी. ताप होता त्यांना. गोळी घ्यायचे आणि ड्युटीवर यायचे. आपण घरी बसलो तर ड्युटीतल्या जोडीदारावर दोन्हीकडचं पडेल, म्हणून अंगावर काढलं. कुणाला बोलले नाहीत, बायकोलासुद्धा नाही. कळलं तेव्हा ऑक्सिजन पार खाली गेला होता. त्या रात्री आमचा स्टाफचा ग्रुप उजाडेपर्यंत जागा होता. कुणी कऱ्हाडला फोन करतंय, कुणी साताऱ्याला, कुणाचा मेहुणा सांगलीत कंपाउंडर. बेड मिळाला, पण उशीर झाला होता. ज्याच्यासाठी त्यांनी अंगावर काढलं तो जोडीदार आजही स्टाफरूममध्ये त्यांच्या खुर्चीकडे पाठ करून बसतो. "मला एकदा सांगायचं ना," एवढंच म्हणतो.

सर 2005 च्या नोव्हेंबरनंतर लागलेले, म्हणजे जुनी पेन्शन नाही. तूही त्यातलीच. सगळ्यांनी पगारातून रक्कम काढली, मुलांच्या फीचं बघितलं. कोविड ड्युटीवर गेलेल्यांच्या घरच्यांना 50 लाख द्यायचा जो निर्णय आहे त्याचे कागद भाऊसाहेब अजून गोळा करताहेत. त्यात पहिली अडचण काय, तर काही ड्युट्या नुसत्या फोनवर सांगितलेल्या, लेखी आदेशच नाही. म्हणून तुला सांगते, तोंडी ड्युटी घेऊ नकोस. आदेश लेखी माग, त्याचा फोटो काढ, मला पाठव. तारीख दिसली पाहिजे. पेपरात उत्तर प्रदेशाचं वाचलंस का? पंचायत निवडणुकीच्या ड्युटीनंतर गेलेल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांची यादी तिथल्या संघटनेने दिलीय, 1621 नावं. ती बातमी मी घडी घालून कपाटात ठेवली, अण्णांच्या हाती लागायला नको म्हणून.

ताप मोजत जा. सकाळ-संध्याकाळ. ऑक्सिमीटर बोटाला नीट बसव, नखाला मेंदी असेल तर आकडा चुकतो. थोडं चालून परत बघ. 94 च्या खाली दिसला की वाट बघायची नाही, तडक धडगावचं ग्रामीण रुग्णालय. पुढे नंदुरबारला जावं लागलं तर चांदसैलीचा घाट रात्रीचा उतरायची वेळ येता कामा नये, दिवसाउजेडी निघायचं. वाफ घेतली, काढा घेतला म्हणून गप्प बसू नकोस. पाणी उकळून पी. नुसत्या भाकरीवर राहू नकोस, डाळ शिजव. आणि त्या पाड्यावरच्या घरात आत शिरू नकोस, ओट्यावरूनच बोल.

झालं माझं सुरू. तू पंचवीस वर्षांची, लोकांना तूच हे सगळं शिकवत फिरतेस आणि मी तुला शिकवतेय. रागावू नकोस. लांबून हातात दुसरं काहीच नसतं गं, म्हणून जीभ चालते.

तुमच्या जिल्ह्याबद्दल चांगलंही वाचते मी. कलेक्टर भारूड साहेबांनी दुसरी लाट यायच्या आधीच ऑक्सिजनचे प्लांट उभे केले, सगळीकडे बेडसाठी धावाधाव चाललेली असताना नंदुरबारला ऑक्सिजन होता. स्वतः आदिवासी घरातला, डॉक्टर झालेला मुलगा. त्याच्या आईला काय वाटत असेल! गुरुजी तिथे आहेत हे त्यातल्या त्यात बरं. मीही मनाला तेच सांगते.

डिसेंबरात डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा तू टेकडीवरून ओरडून सांगितलं होतंस, "आई, आपल्या झेडपीच्या मास्तरला!" परितेवाडीच्या त्या माणसाने अर्धी रक्कम शेवटच्या फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली, याचं तुला बक्षिसापेक्षा जास्त अप्रूप. किती वेळ बोलत होतीस त्यावर. वाटून घेणं तुला एवढं आवडतं, मग आजारपण तेवढं एकटीने का घ्यायचं?

चौथीच्या स्कॉलरशिपचा पेपर आठवतो तुला? सकाळपासून कणकण होती आणि तू बोलली नाहीस. पेपर देऊन रिक्षात बसलीस, मी हात लावला तर चटका बसावा असं अंग तापलेलं. "सांगितलं असतं तर बसू दिलं नसतंस," म्हणालीस. नंबर आला. सगळ्यांनी वाखाणलं, आज्जीने तर दृष्ट काढली. मला तेव्हापासून तुझी भीती वाटते, मनू. तू काम सोडशील याची कधीच नाही वाटली. तू सांगणार नाहीस याचीच वाटते. कालचा तो खोकला ऐकला आणि ती रिक्षा डोळ्यांपुढे आली.

घरी ये असं आता म्हणत नाही. गुरुजी दवाखान्यात असताना तू नाही निघणार, आणि निघालीस तर तुलाच ते आवडणार नाही, माहितीय मला. पण केंद्रप्रमुखांना सांग की दोन माणसांची ड्युटी एकीवर आहे. शेजारच्या शाळेतल्या बाई तुला मदतीला येऊ का म्हणाल्या होत्या, तू नको म्हणालीस. त्यांना हो म्हण. आशाताई आणि अंगणवाडीच्या ताई रोज भेटतात, त्यांच्याकडून रोज ताप-ऑक्सिजन मोजून घे. गुरुजी बरे होऊन आले की त्यांना लगेच कामाला जुंपू देऊ नकोस, तेव्हा तू त्यांच्यासाठी भांडशीलच. त्यांच्यासाठी भांडायला तू उभी असलेली पाहिजेस.

दादाचं पुण्याचं अजून ठरत नाही, तो विषय अण्णांपुढे काढू नकोस. आज्जी काठी घेऊन परसात जाते आता. स्पीड पोस्टाने जास्तीचं ऑक्सिमीटर, एन-95 मास्क आणि मेतकूट पाठवलंय, त्यातलं थोडं गुरुजींच्या घरी दे.

गुरुजींच्या बायकोचा आणि त्या शेजारच्या शाळेतल्या बाईंचा नंबर आज संध्याकाळी टाक, मी दोघींशी बोलून घेणार आहे. तू रागावलीस तरी बोलणार. नंबरांच्या खाली तापाचा आकडा लिही, आणि खरा लिही.

तुझी
आई