शाई आणि जवारी रेडिओवर ऐकवा

महोदय,

शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमाआधी आकाशवाणीने पाच मिनिटे विज्ञानाला द्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी मिरजेत तबला शिकवते. ‘मधोमध ही काळी शाई कशाला?’ असे मुले हमखास विचारतात. नुसत्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, त्या मूळ स्वराशी जुळत नाहीत. शाईच्या थरांनी मधला भाग जड होतो आणि तेच उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा जवळपास पूर्णांकी पटीत येतात. म्हणून तबला सुरात बोलतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये सहकाऱ्यासह हे ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मांडले. पुढे तंबोऱ्याच्या जवारीवरही, म्हणजे तारांच्या भरदार झंकारावरही, त्यांनी लिहिले. हे फळ्यावर समजावताना माझी दमछाक होते. रेडिओवर मात्र आधी बिनशाईची पुडी (तबल्यावर ताणलेले कातडे) आणि मग शाईची पुडी वाजवली, की झाले! तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखालचे सूत जरासे सरकवले की जवारी लागून तंबोरा कसा खुलतो, तेही कानाला लगेच कळते. फक्त निवेदकाने लिहिलेला कागद वाचू नये. आमच्या गावातल्या वाद्यकारागिरांना बोलू द्यावे, सोबत भौतिकशास्त्राचे एखादे प्राध्यापक असावेत. सांगली केंद्राने मनावर घेतले, तर बिनशाईची पुडी मी स्वतः आणून देईन.

– एक तबलाशिक्षिका, मिरज