फ्लेक्सो घेतोयस, तर आधी हे वाच

प्रिय विजू,

फ्लेक्सो छपाई मशीनचा ॲडव्हान्स द्यायला निघालास हे शिरीषकडून कळलं आणि राहवलं नाही. आम्ही बरे आहोत, गुडघा आहे तसाच.

दुधाच्या पिशव्यांसाठी निर्णय योग्यच आहे. रोटो छपाईला प्रत्येक रंगामागे तांबं चढवून कोरलेला, क्रोम केलेला सिलिंडर लागतो. डेअरीने किंमत बदलली की तो पुन्हा करा. फ्लेक्सोत त्या रंगाची फोटोपॉलिमरची, म्हणजे रबरासारखी मऊ, प्लेट बदलली की भागतं. अण्णांसमोर रोटोसाठी किती तावातावाने भांडायचास! एकच डिझाइन लाखो मीटर चालणार असेल तर आजही तुझंच खरं. पण तुझी कामं छोटी आणि सतत बदलणारी.

घोर लागलाय तो त्या डिझाइनचा. गाय, कुरण आणि वर विरत जाणारं निळं आभाळ! छटा बारीक ठिपक्यांनी बनते आणि प्लेटवरचा २ टक्क्यांचा ठिपका फिल्मवर कितीतरी फुगतो. छटा शून्यावर नेलीस की ठिपके संपतात तिथे स्पष्ट रेघ उमटते. त्यामुळे आभाळ मध्येच संपवू नकोस, पार कडेपर्यंत ने. पांढरी बारीक अक्षरं एकाच गडद रंगातून कोरी सोड. एलडीपीई, म्हणजे पिशवीची प्लास्टिक फिल्म, ताणली जाते. स्टॅक मशीनवर (रंगांची युनिटं एकावर एक असतात) रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, थोडं हलणारच. चार रंगांतून सोडलेलं अक्षर वाचता येणार नाही. सगळे रंग एकाच मोठ्या ड्रमवर छापणारं सीआय मशीन असतं तर गोष्ट वेगळी.

ॲनिलॉक्सवर, म्हणजे प्लेटला शाई देणाऱ्या बारीक खड्ड्यांच्या रोलवर, पैसे वाचवू नकोस. त्याच्या लाइन (इंचामागे खड्ड्यांच्या ओळी) प्लेटच्या स्क्रीनच्या (इंचामागे ठिपक्यांच्या ओळी) किमान चौपट हव्यात, नाहीतर बारीक ठिपका त्याच्या खड्ड्यात बुडतो आणि घाण छापतो. ठोस रंगाला जास्त शाई धरणारा रोल वेगळा घे.

रंग फिका आला की ऑपरेटर आधी दाब वाढवतो. तिथेच काम बिघडतं. प्लेटने फिल्मला नुसतं टेकायचं असतं. अक्षराभोवती गडद किनार दिसली की दाब जास्त झालाय असं समज. आधी शाईचा पातळपणा तळाला भोक असलेल्या कपाने मोजायचा, ॲनिलॉक्स तुंबलाय का बघायचं. आणि रोटोच्या सवयीने इथाइल ॲसिटेट ओतू देऊ नकोस. जास्त झालं की प्लेट फुगते, अक्षरं जाड येतात.

पैसे देण्याआधी तुझ्याच फिल्मवर चाचणी माग. शाई धरावी म्हणून फिल्मच्या पृष्ठभागाला दिलेली ट्रीटमेंट ३८ डाइन आहे का बघ, शाई सुकल्यावर चिकटपट्टी लावून झटक्यात ओढ. रंग पट्टीवर आला तर फिल्म परत.

वहिनींना नमस्कार. चिन्मयची ॲडमिशन झाली का? कोटेशनमध्ये ॲनिलॉक्सची लाइन किती लिहिली आहे ते आजच कळव.

तुझा,
सुधीर