शिबिराची तारीख रक्तपेढीला विचारून ठरवावी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

स्वातंत्र्यदिन किंवा एखाद्या नेत्याचा वाढदिवस आला की एकाच दिवशी शेकडो पिशव्या रक्त गोळा झाल्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात वाचायला मिळतात. रक्तदात्यांविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून आयुष्याची बरीच वर्षे घालवल्यामुळे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. रक्त अनेक घटकांचे बनलेले असते आणि प्रत्येक घटक टिकण्याची मुदत वेगळी असते, याचा विचार शिबिराची तारीख ठरवताना क्वचितच होतो.

दात्याकडून ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते. ती पिशवी सेंट्रिफ्यूज या वेगाने गरगर फिरणाऱ्या यंत्रात फिरवली की रक्ताचे थर डोळ्यांना स्पष्ट दिसतात. तळाशी गडद तांबड्या पेशी बसतात, वर फिकट पिवळा प्लाझ्मा राहतो आणि दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशी व प्लेटलेट यांचा पातळसा पांढुरका पट्टा असतो. रक्ताचा सुमारे ५५ टक्के भाग प्लाझ्माचा असतो. त्यात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असले, तरी अल्ब्युमिन, प्रतिपिंडे, रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन, क्षार, साखर आणि संप्रेरके यांची ने-आण त्यातूनच होते. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते, पांढऱ्या पेशी जंतूंचा मुकाबला करतात आणि प्लेटलेट जखमेच्या तोंडाशी चिकटून रक्तस्राव थांबवतात. चांगल्या प्लेटलेटची पिशवी उजेडासमोर धरून अलगद हलवली, तर आत जरीसारखी चमक फिरताना दिसते. ती चमक नसेल तर आम्हा तंत्रज्ञांना लगेच शंका येते.

आता मुदतीचे पाहू. २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या तांबड्या पेशी ३५, फार तर ४२ दिवस टिकतात. उणे ३० अंशांखाली गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर चालतो. प्लेटलेट मात्र २० ते २४ अंशांना, सतत हलत्या यंत्रावर ठेवूनही साधारण पाचच दिवस वापरता येतात. म्हणजे १५ ऑगस्टला दिलेल्या रक्तातील प्लेटलेट २० तारखेला संपतात, तांबड्या पेशी सप्टेंबरअखेरपर्यंतही पुरत नाहीत, आणि पुरुष दात्यांना तीन महिने व स्त्री दात्यांना चार महिने पुन्हा रक्तदान करता येत नसल्यामुळे अख्ख्या गावाचे दाते एकदमच थांबतात. पुढे डेंग्यूच्या रुग्णांसाठी प्लेटलेट लागतात तेव्हा दाता कुठून आणायचा?

याहून मोठे नुकसान सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. घटक वेगळे करायचे, तर रक्त घेतल्यापासून काही तासांतच ते काम उरकावे लागते. एका रात्रीत शेकडो पिशव्या आल्या, तर सेंट्रिफ्यूज आणि माणसे कमी पडतात, उरलेल्या पिशव्या तशाच शीतकपाटात जातात आणि तिथल्या थंडीने त्यांतील प्लेटलेट निकामी होतात. जी पिशवी तीन रुग्णांच्या उपयोगी पडली असती, ती एकाच्याच वाट्याला येते.

मे महिन्यातील परिस्थिती मी जवळून पाहिली आहे. महाविद्यालये बंद, लोक गावी गेलेले आणि शिबिरे थांबलेली. थॅलेसेमिया, म्हणजे शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयार न होण्याचा आनुवंशिक आजार, असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी तांबड्या पेशी द्याव्याच लागतात. त्याच्या आजाराला सुट्टी नसते. अशा मुलाच्या आईला खिडकीवरून ‘परवा या’ असे सांगण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली. तिचा चेहरा अजून विसरलेलो नाही.

म्हणून मंडळांना आणि पक्ष कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, ३०० दाते जमत असतील तर त्यांना दहा रविवारांत विभागून बोलवावे आणि मांडव घालण्यापूर्वी रक्तपेढीत कशाची कमतरता आहे, हे विचारावे. आपल्या बातमीदारांनीही शिबिराची बातमी देताना किती पिशव्या जमल्या, याबरोबर त्यांतील किती पिशव्यांचे घटक वेगळे झाले, हेही विचारून छापावे.

कळावे.

आपला,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, सातारा