बाबांचं घोरणं

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी विषय क्रिकेटवर नेला असता आणि आई, तू "बघू गं" म्हणाली असतीस. म्हणून लिहितेय. येत्या सोमवारची रात्र बाबांच्या झोपेच्या तपासणीसाठी ठरवली आहे, पैसेही भरलेत. तुम्हाला न विचारता केलं, रागवा हवं तर.

दिवाळीत मी हॉलमध्ये झोपले होते ना, तेव्हा रात्री बाबांचं घोरणं एकदम थांबलं. मी सेकंदकाट्याकडे बघत बसले. बावीस सेकंद श्वास नाही. मग गुदमरल्यासारखी हवा ओढली, कूस बदलली, परत घोरणं सुरू. पहाटेपर्यंत हेच. लहानपणी त्याच आवाजावर मी निर्धास्त झोपायचे. बाबा घोरतायत म्हणजे चोर येणार नाही. त्या रात्री आवाज परत येईपर्यंत माझाच जीव टांगणीला लागायचा.

हा स्लीप अ‍ॅप्निया असावा. झोपेत घसा मिटतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि सकाळी काही आठवत नाही. 2011 मध्ये अमेरिकेत 298 वयस्क बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झोपेत वारंवार श्वास अडकणाऱ्यांपैकी जवळजवळ 45 टक्के जणींना पुढच्या पाचेक वर्षांत सौम्य विसरभोळेपणा किंवा डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळण्याचा आजार, जडला. बाकीच्यांत 31 टक्के. अल्झायमरमध्ये मेंदूत जे अमायलॉइड नावाचं प्रथिन साठतं, ते गाढ झोपेत उपसलं जातं असं मानतात, आणि बाबांची झोप तर सारखी तुटतेय.

बाबा, तुम्हाला अल्झायमर झालाय असं मी मुळीच म्हणत नाही. दोनदा दूध आणलंत, आत्याचं नाव पटकन आठवलं नाही, हे नुसत्या अपुऱ्या झोपेनंही होतं, आणि झोप सुधारली की पुष्कळदा कमी होतं. पण आजीच्या वेळी "वयच झालंय" म्हणत आपण तीन वर्षं घालवली. मला ते पुन्हा नको आहे.

तिथे स्वतंत्र खोली आहे. आईला सोबत झोपता येईल, मी विचारून घेतलंय. घरची उशी आणि ती निळी चादर आणा. सुई नाही, नुसत्या तारा चिकटवतात. मशीन लागलंच तर नाकावर मास्क लावायचा, हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. सवय व्हायला थोडे दिवस लागतील, तेवढे दिवस मी येऊन राहीन.

तोवर कुशीवरच झोपायचं, पाठीशी लोड ठेवून. झोपेच्या गोळीने घसा आणखी सैल पडू शकतो. पण ती मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. उद्याच.

आई, सोमवारी दुपारनंतर बाबांना चहा नको. आणि डोक्याला खोबरेल अजिबात लावू नकोस, तारा चिकटत नाहीत. मंगळवारी सकाळी मीच चोळून देईन.

तुमची,
चिमी